टकटक थांबेपर्यंत

लायल हचेन्सने सासऱ्याच्या पिकअपचं इंजिन तळलेल्या कोंबडीपायी मारलं. इंजिनातलं जुनं तेल काढून झालं होतं, तेवढ्यात बायकोने, डार्लाने, जेवायला हाक मारली. पोटभर जेवून, ढेकर देत तो परत आला आणि नवं तेल न घालताच त्याने किल्ली फिरवली. इंजिन जरा वेळ किंचाळलं आणि कायमचं गप्प झालं.

गाडी साठेक वर्षांपूर्वीची, हिरवी, आणि सासरे ओर्विल प्रुइट यांचा जीव की प्राण. सासूबाई नदीन वारल्यावर ते थोरल्या मुलीकडे विचिटाला राहायला गेले, तेव्हा गाडी लायलच्या अंगणात सोडताना म्हणाले होते, "सांभाळलीस तर तुझी. नाहीतर वेनला देईन." वेन म्हणजे थोरला जावई. तो आपली गाडी धुऊन झाली की दात घासायच्या ब्रशने चाकं घासतो. वेनच्या हाती ती हिरवी गाडी गेलेली बघण्यापेक्षा लायलने गाव सोडलं असतं.

आणि आता सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत ओर्विल येणार होते. "गाडीचं काय ते ठरवूनच टाकतो," असं फोनवर म्हणाले होते. त्यांची नजर अधू झाली होती, पण कान मात्र तिखट. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर कोणत्या गिअरमध्ये आहे, ते घरात बसून सांगायचे.

लायलने भंगारवाल्याकडून आठ सिलिंडरचं इंजिन आणलं आणि मित्र रॉस्कोच्या मदतीने जुन्या सहा सिलिंडरच्या जागी बसवलं. बसलंही झकास. प्रश्न उरला हेडरचा, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही कुशींतून जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा. आमच्या ऑक्लहोमात लग्न कुणाशी करावं यावर माणसं फारसं बोलत नाहीत, पण हेडर कोणते घ्यावेत यावर प्रत्येकाला मत असतं.

"लांब नळ्यांचे घे," रॉस्को म्हणाला. "त्याशिवाय हे इंजिन म्हणजे तोंड बांधलेला बैल."

"मला बैल ओरडायलाच नकोय. सर आले की त्यांना जुनं सहा सिलिंडरच वाटलं पाहिजे," लायल म्हणाला. सासऱ्यांना तो सरच म्हणायचा.

"मग इंजिन कशाला बदललंस? सासराच बदलायचा होतास!"

तरी लायलने लांबच घेतले. लावल्यावर कळलं, की डावीकडची नळी स्टिअरिंगच्या दांड्याला अडते. गाडी उजवीकडे वळायची, डावीकडे नाही. रॉस्कोच्या गॅरेजमधून तो फक्त उजवीकडे वळत वळत घरी आला आणि जन्मापासून राहत असलेल्या गावातले दोन नवीन रस्ते त्याला त्या दिवशी सापडले.

मग त्याने अगदी आखूड घेतले. ते इंजिनाला चिकटून बसले, कुठे अडले नाहीत, पण त्यांच्या आचेने शेजारच्या वायरी वितळल्या आणि रविवारी सकाळी गाडीने चर्चच्या दारातच प्राण सोडला. डार्ला एक शब्द न बोलता उतरून आत निघून गेली. ती बोलली नाही याचीच त्याला जास्त भीती वाटली.

लायल बाहेर एकटाच उरला. समोर पास्टरची पिकअप उभी होती. तिचंही इंजिन बदललेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी ती मांजरीच्या पावलांनी यायची. का बरं? लायलला राहवेना. आत प्रवचन चालू होतं, बाहेर चिटपाखरू नव्हतं. तो टॉर्च घेऊन सरळ पास्टरच्या गाडीखाली सरकला.

"बाहेर ये. हात दिसू देत आधी."

आवाज वान्डाचा होता. वान्डा म्हणजे आमची डेप्युटी शेरीफ, गावची पोलीसच.

"वान्डा, मी लायल आहे गं."

"बुटांवरून ओळखलं. म्हणून तर नुसती हाक मारली. देवाच्या दारातून सायलेन्सर चोरतोस?"

"चोरत नाहीये, बघतोय. पास्टरचे हेडर कसले आहेत तेवढंच."

वान्डाने टोपी काढून बॉनेटवर ठेवली. "माझ्या नवऱ्यानेही तीनदा हेडर बदलले. सरक जरा तिकडे."

प्रार्थना सुटून लोक बाहेर आले, तेव्हा पास्टरच्या गाडीखालून चार पाय बाहेर आलेले होते, दोन लायलचे आणि दोन गणवेशातले. डार्ला पुढे झाली. "लायल, खाली काय चाललंय ते मला आत्ता सांगतोस, की घरी?"

लायलने तिथेच, सगळ्यांसमोर, कोंबडीपासून सगळं सांगून टाकलं. "पण कुणी सरांना सांगू नका हं," असं त्याने अख्ख्या चर्चला बजावलं. लोक माना डोलावत जवळ आले आणि मतं द्यायला लागले. पास्टरनी कोट काढला. शेवटी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या युनिसबाई काठी आपटत म्हणाल्या, "एवढा काय घोळ घालताय? नळीच्या लांबीवर सूर ठरतो. माझ्या ऑर्गनमध्ये दुसरं काय असतं? लांब नको, आखूड नको, मधली घे."

पास्टरच्या गाडीलाही मधलीच होती. युनिसबाईंनी खाली न वाकता सांगितलं होतं.

मधल्या मापाचे हेडर आले आणि पहिल्या फटक्यात बसले. अडणं नाही, वितळणं नाही. लायलने गाडी सुरू केली. आवाज असा मऊ, की रॉस्कोने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात डार्ला पदपथावरून ओरडली, "अरे, पण टकटक कुठाय?"

जुन्या इंजिनाच्या नळीला चीर होती. गाडी थंड असली की त्यातून टकटक आवाज यायचा आणि लोखंड तापून फुगलं की थांबायचा. ओर्विल रोज सकाळी गाडी सुरू करून कॉफीचा मग हातात धरून बसायचे, आणि टकटक थांबली की मगच निघायचे. चाळीस वर्षांत एकदाही आधी निघाले नव्हते.

"रॉस्को, पाना दे," लायल म्हणाला.

"कशाला?"

"एक बोल्ट सैल करतो."

"इतक्या सुंदर हेडरचा?" रॉस्कोने पाना दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याला बघवेना.

ओर्विल शनिवारी आले, तेव्हा रॉस्कोही मजा बघायला हजर होता. ओर्विल अंगणातच थांबले. "चालू कर."

लायलने किल्ली फिरवली. टकटक, टकटक. म्हाताऱ्याने मान तिरकी केली. "बॉनेट उघड."

"ते जाम झालंय, सर."

ओर्विलनी बॉनेटच्या कोपऱ्यावर बुक्की मारली, आणि ते आज्ञाधारकपणे उघडलं. नाक टेकेल इतकं जवळ जाऊन त्यांनी आत पाहिलं.

"आठ आहेत," ते म्हणाले.

"हो सर."

"छान केलंस. ते सहावालं पहिल्यापासून आळशी होतं. पण पोरा, एवढं नवं इंजिन, नवे हेडर, आणि बोल्ट सैल? अशा माणसाच्या हाती गाडी द्यायची कशी?"

लायलच्या डोळ्यांसमोर वेन आणि त्याचा तो ब्रश उभा राहिला. हलगर्जी ठरावं की लबाड, एवढंच आता त्याच्या हातात होतं. "मी मुद्दाम सैल केला, सर," तो म्हणाला. "तुमच्या गाडीसारखी टकटक यावी म्हणून."

ओर्विलनी हात पुढे केला, लायलने पाना दिला. म्हाताऱ्याने चाचपडत बोल्ट शोधला आणि आवळला. टकटक बंद झाली. मग ते आत चढून स्टिअरिंगपाशी बसले, दोन्ही हात त्यावर ठेवून. गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. ते निघेनात.

"डॅडी, काय झालं?" डार्लाने विचारलं.

"निघायचं कधी तेच कळत नाहीये गं." ते समोर बघत राहिले. "नदीन शेजारी बसायची. दिवसभरात तिला मला काही सांगायचं असेल ना, तर ते टकटक थांबेपर्यंतच. एकदा गाडी हलली की मी ऐकायचो नाही, हे तिला ठाऊक होतं. ती चीर मी एका दुपारीत बुजवू शकलो असतो, पण बुजवली नाही."

ते खाली उतरले, बॉनेटखाली वाकले आणि बोल्ट स्वतःच्या हाताने पुन्हा अर्धा फेरा सैल केला. टकटक सुरू झाली. बाजूला रॉस्को कण्हला.

"गाडी तुझी," ओर्विल म्हणाले. "पण ही टकटक थांबेपर्यंत हलवायची नाही. चला, बसा दोघं."

लायल स्टिअरिंगपाशी बसला, डार्ला शेजारी. तिने दार ओढून घेतलं, हात पुसले आणि त्याच्याकडे वळली.

"बरं, आता ऐक," ती म्हणाली. "त्या कोंबडीच्या दिवसापासून सुरुवात करते."

लायलने कान टवकारले, पण टकटक कधी थांबते तिकडे. एवढ्या उन्हातही गाडी कधी नव्हे इतकी सावकाश तापत होती.