मागे घ्यायला मी आहे ना

"घ्या, घ्या! अजून मागे घ्या, म्हणजे सरळ घरीच पोचू," मास्तरांची बायको म्हणाली.

मास्तर गाडी मागे घेतच होते. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याने रस्त्यावर कुणाशी वाद घालू नये, हे त्यांचं व्रत. त्यात हा घाटरस्ता एका गाडीपुरता; एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल खाली समुद्र. समोरून कुणी आलं की एकाने मागच्या रुंद जागेपर्यंत माघार घ्यायची. तो एक कोण, हे मास्तरांच्या बाबतीत ठरलेलंच असे. आधी ते दूधवाल्यासाठी मागे गेले, मग मेंढरांसाठी, मग चक्क एका सायकलवाल्यासाठी. पिवळ्या फुलांचा तोच तो उतार बायकोने चौथ्यांदा पाहिला. फुलं सुंदर होती, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

पण टोकावरचं दीपगृह पाचला बंद होणार होतं. तिचे वडील तिथला दिवा सांभाळायचे. तिचं सगळं बालपण त्या जिन्यावर गेलेलं. तो जिना पुन्हा एकदा चढायचा, एवढीच तिची हौस. गेल्या वर्षी मास्तरांच्या सौजन्यापायी ती बंद फाटक बघून परतली होती.

"उतरा. मी चालवते."

"अगं, तुझं लायसन अजून शिकाऊ आहे!"

"मग शिकवणारा शेजारी बसतोय की."

पुढच्याच वळणावर समोर वाळूचा ट्रक. मास्तर सवयीने म्हणाले, "मागे घे."

"मला येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"शिकवा म्हटलं तर काय म्हणालात? 'ते अवघड असतं, मागे घ्यायला मी आहे ना.'"

ट्रकवाल्याने हॉर्न दाबला. तिने काच खाली केली. "दादा, मला मागे घेता येत नाही हो!"

ट्रकवाल्याने गाडीवरची स्कूलची पाटी वाचली, मास्तरांचा पडलेला चेहरा पाहिला आणि मुकाट्याने ट्रक मागे घेतला. पुढे टेम्पोने घेतला, मग बसनेसुद्धा. मास्तर प्रत्येकाला खिडकीतून हात जोडत राहिले.

फाटकवाला कुलूप घेऊन निघालाच होता, तेवढ्यात ही दोघं पोचली. बायको धावतच जिना चढली. वर वडिलांच्या दिव्याच्या काचेवर हात ठेवून ती मनसोक्त रडली. धापा टाकत मागून आलेल्या मास्तरांनी तिला रुमाल दिला. त्यांनाही फार बरं वाटलं.

खाली आल्यावर मात्र दोघं थबकली. गाडीचं नाक कठड्याला टेकलं होतं आणि कठड्यापलीकडे समुद्र होता. बायकोने निमूटपणे किल्ली पुढे केली.

मास्तरांनी एका दमात गाडी बाहेर काढली. छाती फुगवून म्हणाले, "उद्याच तुला रिव्हर्स शिकवतो."

"इतक्यात नको," ती म्हणाली. "अजून पुष्कळ ठिकाणी पोचायचंय मला."