बोलणं नसल्याचा पुरावा

अर्जातल्या अकराव्या प्रश्नापाशी रेकॉर्डकीपरचं घोडं अडलं. ‘मदत देणाऱ्या देशात आपलं कुणी जवळचं नातेवाईक राहतं का?’

कोर्टाच्या तळघरातल्या तीस वर्षांच्या फायलींतली कुठलीही फाईल तो डोळे मिटून काढून देई. हे उत्तर मात्र त्याला सापडेना. न्यायव्यवस्था स्वतंत्र आणि जबाबदार व्हावी म्हणून एका परदेशी सरकारने मदत देऊ केली होती. त्या मदतीतून कपाटं आली, स्कॅनर आले, व्हिडिओवरच्या साक्षींसाठी भिंतभर पडदा आला. आता प्रत्येक कोर्टातला एक रेकॉर्डकीपर सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला तिकडे जायचा होता. वशिल्याचा वासही लागू नये म्हणून अर्जात बावीस प्रश्न घातले होते.

प्रशिक्षणाचं शहर वाचल्यावर त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. त्याच शहरात त्याची लेक राहत होती.

चार वर्षांपूर्वी तिने आपलं लग्न आपणच ठरवलं, तेव्हा दारात उभा राहून तो म्हणाला होता, “जा. पण मला फोन करायचा नाही.” लेक बापावर गेलेली, हुकूम तिने तंतोतंत पाळला. दर रविवारी ती आईला फोन करी. तो शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसे, आणि फोन चालू असेपर्यंत पेपरचं पान काही उलटत नसे.

खोटं लिहायला हात धजेना. त्याने लिहिलं, ‘मुलगी आहे. बोलणं नाही.’

पंधरा दिवसांनी परदेशी कचेरीचं पत्र आलं. बोलणंच नसेल तर वशिल्याची भीती नाही, तेव्हा हरकत नाही. फक्त बोलणं नसल्याचा पुरावा जोडावा.

“नसलेल्या गोष्टीचा पुरावा आणू कुठून?” तो बायकोवर करवादला.

“मी देते की लिहून. तुमच्या हट्टाचा एवढा तरी उपयोग होऊ दे.”

तिने दोन पानं लिहून दिली. त्याने ती न वाचताच पाठवली, आणि तिथेच फसला. ‘हे मुलीशी अजिबात बोलत नाहीत,’ तिने लिहिलं होतं. ‘फक्त तिचा फोन आला की रेडिओ बंद करतात. मागे तिला ताप आला तेव्हा मला म्हणाले, डॉक्टरकडे जा म्हणावं, पण मी म्हटलं असं सांगू नकोस.’

झालं! कचेरीला शंका आली. चौकशी बसली. ती आली कोर्टातल्या सगळ्यात कडक न्यायाधीश मॅडमकडे, आणि नव्या पडद्यावर साक्ष द्यायला परदेशातून लेकीलाच बोलावणं गेलं.

“पाच मिनिटं तोंड शिवून बसा,” बायकोने निघताना बजावलं. “मग सहा आठवडे बोला.”

सुनावणीला मॅडम, टंकलेखक आणि रेकॉर्डकीपर एवढेच होते. पडद्याच्या एका कोपऱ्यात परदेशी अधिकारी आणि त्याचा दुभाषा दिसत होते.

“तुम्ही दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही,” मॅडमनी ताकीद दिली.

पडदा उजळला. घरातून गेली तेव्हा लेक वेणी घालायची. आता केस मानेपर्यंतच होते. चेहरा उतरलेला. रेकॉर्डकीपरने टेबलाची कड घट्ट धरली.

“वडील तुमच्याशी बोलतात?”

“नाही.”

“कधीपासून?”

“चार वर्षं, दोन महिने. दिवस सांगू?”

“नको. आईबरोबर निरोप वगैरे?”

“नाही. आई म्हणते, शेजारच्या काकू विचारत होत्या.” लेक जराशी हसली आणि खोकली. “त्या काकूंना माझ्या चष्म्याचा नंबरसुद्धा पाठ आहे.”

या काकूंनाही साक्षीला बोलवावं का, असं परदेशी अधिकाऱ्याने दुभाष्यातर्फे विचारलं. रेकॉर्डकीपर कानापर्यंत लाल झाला. मॅडमनी काकूंना वगळलं. अधिकाऱ्याने मान डोलावली. आता एकच प्रश्न उरला होता.

“वडील प्रशिक्षणाला तिकडे आले, तर तुम्ही भेटाल?”

लेक पडद्यावर पुढे झुकली. साक्ष कशासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“बाबा इकडे येणारेत?” तिचा आवाज चिरकला. “मी विमानतळावर पहाटेपासून...” पुढे खोकल्याची उबळच आली. थांबेना.

रेकॉर्डकीपर ताडकन उठला. “अगं, आधी पाणी पी! गळ्याला काहीतरी गुंडाळ. किती वेळा सांगायचं तुला?”

टंकलेखकाची बोटं जागच्या जागी थांबली. दुभाष्याने खालच्या आवाजात सगळं अधिकाऱ्याला सांगितलं आणि अधिकाऱ्याने कागदावर फुली मारली.

लेक पाणी प्यायली, तिने डोळे पुसले. “चार वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत, बाबा.”

“नोंद घ्या,” मॅडम म्हणाल्या. “बोलणं आहे.” मग त्या रेकॉर्डकीपरकडे वळल्या. “तुम्ही अपात्र ठरलात. तुमच्या जागी दुसरं नाव जाईल. तुम्हाला काही म्हणायचंय?”

“खूप म्हणायचंय, मॅडम,” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “पण तुम्हाला नाही.”