खोट्या दारापुढची रांग

"डोळे बांधा माझे! तरी या घरातल्या कुठल्याही दालनातून तुम्हाला बाहेर काढतो!" हम्फ्री पिलबीम सकाळी म्हणाले होते. पोस्टातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातलं ते जुनं जमीनदारी घर पाहुण्यांना दाखवायचं काम मिळालं होतं, तेही बिनपगारी. मुख्य मार्गदर्शक ऑड्रीबाईंनी बिल्ला देतानाच बजावलं, "एक जरी घोळ झाला ना पिलबीम, तर बिल्ला परत!" आणि त्या बिल्ल्यासाठी यांनी नवा कोट शिवलेला!

जेवणाच्या दालनात पिलबीम रंगात आले. "मूळ मालकांना सगळं जोडीनं लागायचं. या टोकाला शेकोटी, त्या टोकालाही शेकोटी! इकडे दार, म्हणून तिकडेही दार! त्यातलं एक मात्र खोटं, भिंतीवर नुसती फळी आणि मूठ. अडाणी माणूस हमखास फसतो!" मग छताची नक्षी दाखवताना ते स्वतःभोवती दोनदा फिरले आणि "चला ग्रंथालयात!" म्हणत समोरची मूठ धरली.

मूठ फिरेना.

"दमट हवेनं फुगलंय," ते म्हणाले. मंडळी मुकाट्यानं त्यांच्यामागे रांगेत उभी राहिली. बाजूच्या बागेकडच्या दारातून नवे पाहुणे आले, तेही जोडले गेले.

"कशाची रांग हो?"

"कुणास ठाऊक! पण एवढे लोक उभे आहेत, म्हणजे चांगलंच असणार!"

रांग पार दुसऱ्या टोकाला भिडली. पिलबीमनी वळून पाहिलं. शेवटचा माणूस ज्या दाराला टेकला होता, ते खरं! म्हणजे आपल्या हातातली मूठ खोट्या दाराची!

"मंडळी, जरा मागे वळता का? दार तिकडे आहे."

"म्हणजे शेवटचे पहिले?" लाल टोपीवाल्या ग्लॅडिसबाई कडाडल्या. "आम्ही काय इथे पाय मोडायला उभे आहोत?"

"छे छे, मी आधी गेलो तर बरं दिसणार नाही," शेवटचा माणूस ओशाळून म्हणाला. कुणीही हललं नाही.

इतक्यात टेकलेल्या त्या माणसाला बाजूला सारत, ते खरं दार उघडून ऑड्रीबाई आत आल्या. सगळा प्रकार बघून हात पुढे करत तरातरा निघाल्या. "पिलबीम! बिल्ला काढा!"

"ओ बाई!" ग्लॅडिसबाईंनी छत्री आडवी धरली. "रांग दिसत नाही का?"

ऑड्रीबाई लालबुंद झाल्या. "माफ करा हं," म्हणाल्या आणि निमूटपणे शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

पिलबीमनी खोटी मूठ घट्ट धरली. हे दार उघडत नाही तोवर बिल्ला आपलाच!