गवताची हजेरी घेणारे ठोसर

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीमागे मोकळी जागा आहे. तिथे पावसाळ्यात दर रविवारी सकाळी गवताची हजेरी घेतली जाते. घेणारे ठोसर. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी प्लॅस्टिकचं स्टूल टाकून गवतात बसतात आणि वहीत खुणा करतात. "केना हजर. भुईआवळी हजर. लाजाळूचा आज पत्ता नाही." सोसायटीच्या सभेला मात्र स्वतः कधी हजर नसतात.

तिथे त्यांनी सुतळीने दोन चौकोन आखले होते. एकात दर पावसाळ्यात युरिया टाकायचे, दुसऱ्यात काहीच नाही. हे कशासाठी, असं विचारायची चूक मी सचिव झाल्यावर पहिल्याच आठवड्यात केली. घरी गॅसवरचं दूध करपलं तरी उत्तर संपलं नव्हतं. सारांश असा की नुसत्या मातीत वीसेक जातींची मंडळी एकमेकांना सांभाळून राहतात. युरिया पडला की दोन-तीन दांडगट गवतं कमरेएवढी वाढतात, खालच्यांचं ऊन अडवतात आणि बारकी झाडं सावलीत मरतात. खत बंद केलं तरी ती लवकर परतत नाहीत.

"हिरवं दिसतं म्हणजे बरं चाललंय असं नाही, वहिनी," हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी समोरच्या नव्या टॉवरच्या जाहिरातीला लावलं, शेजारच्या जोशांच्या जावयाला लावलं आणि माझ्या पोपटी साडीलाही लावलं.

गंमत म्हणजे हा माणूस तीस वर्षं खताच्या कंपनीत होता आणि गावोगाव हिंडून युरियाच खपवत होता. म्हणजे जन्मभर दारूचं दुकान चालवून म्हातारपणी व्यसनमुक्ती केंद्र काढण्यातला प्रकार. झाडांची नावंही त्यांना येत नव्हती. कंपनीत सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, तण. नावं शिकवली ती यमुनेने. ही डोंगरापायथ्याच्या वाडीवरची बाई, दर रविवारी रानभाजी विकायला येते. ठोसर तिला गवतातलं एकेक पान दाखवत, ती नाव सांगे, आणि हे शाळकरी पोरासारखे लिहून घेत. बदल्यात स्वतः चहा करून आणत. आम्हा कुणाला त्यांनी कधी पाणीही विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या समितीने ठरवलं की झेंडावंदन मागच्या जागेत, हिरवळीवर करायचं. ठोसर तेव्हा गुडघ्यांच्या उपचारासाठी मुलीकडे गेले होते. मी युरियाची पोती मागवली आणि सगळीकडे टाकून घेतली. सुतळीच्या आतही.

हिरवळ अशी आली की झेंड्याच्या खांबापर्यंत पोचायला वाट उरली नाही. त्यात साप निघाला. झेंडावंदन पार्किंगमध्ये उरकलं.

ठोसर परतले. आता तासभर ऐकावं लागणार म्हणून मी तयारीने खाली उतरले. त्यांनी एवढंच विचारलं, "साध्या चौकोनातही टाकलं?"

मी हो म्हटलं. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले की यमुनेच्या वाडीच्या गायरानावर नोकरीत असताना त्यांनीच युरिया टाकायला लावला होता. गवत छातीएवढं आलं, कंपनीने त्यांचा सत्कार केला. पुढे तिथली रानभाजी गेली, कोवळं गवत गेलं. उरलं ते एवढं राठ की गुरं तोंड लावत नाहीत.

"तिला माहीत नाही," ते म्हणाले. "दर रविवारी सांगायचं ठरवतो. पण सांगितलं तर ती यायची नाही. आणि माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदाच त्यांची टिंगल सुचली नाही.

पुढच्या रविवारी यमुना आली. ठोसर चहा आणायला वर गेले होते. ही करणी माझी आहे, त्यांना बोल लावू नकोस, असं मी तिला सांगितलं.

तिने गवताकडे पाहिलं. "आमच्या गायरानाचं बी असंच झालं व्हतं. ह्योच आला व्हता पोती घेऊन."

"तुला माहीत आहे?"

"पयल्याच दिशी वळखला. लय राग आला व्हता."

मग इथे येतेस कशाला, असं मी विचारलं. ती पाटीतल्या जुड्या नीट लावत बसली.

"वाडीवर आता गवताची नावं कुनी इचारत नाय, ताई. माझी पोरं बी नाय. ह्यो इचारतो. अन् चुकला की परत इचारतो."

ठोसर दोन पेले सांभाळत, गुडघ्यांना शिव्या देत आले. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. यमुनेने चहा घेतला, पेला बाजूला ठेवला आणि दांडगं गवत दोन्ही हातांनी फाकवलं.

"बसा सायेब," ती म्हणाली. "खाली काय वाचलंय ते बघू."