हात लावून ये

"पाव्हणं, आता रस्त्यावरची एक पाटी मी सोडत न्हाई," कोंडाजी म्हणाले. साठी उलटल्यावर ते चावडीतल्या प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले होते, आणि तेव्हापासून चिंचवडात कुणी नवी पाटी लावली की आधी त्यांच्या तावडीत सापडायची.

पाव्हणे म्हणजे पिंपरीच्या कारखान्यातले फिटर रंगराव आणि त्यांच्या कारभारीण गोजाबाई. मुलासाठी ते कोंडाजींची नात बघायला आले होते. पोरगी आवडली होती, पण रंगरावांना सोयरिकीला लिहितंवाचतं घर हवं होतं. म्हणून कोंडाजींनी दोघांना पवनेच्या घाटावरच्या सरदारांच्या हवेलीत आणलं. तिथं नव्या पद्धतीची चित्रं मांडली होती, आणि चित्रांखाली वाचायला अक्षरं होती.

पहिलंच चित्र खाटेएवढं. सगळं निळं, मधे पिवळा डाग. निळीच्या घंगाळात भाकरी पडावी तसं.

"ह्ये काय म्हणायचं?" रंगरावांनी विचारलं.

खाली पाटी होती. रंगाऱ्यानं अक्षरं अगदी खेटून काढली होती. कोंडाजींनी त्यांवरून बोट फिरवलं. "हा... त... ला... वू... न... ये." मग ते ताठ झाले. "हात लावून ये."

"म्हंजी दर्शनासारखं?"

"व्हय. देवाच्या पायाला लावतो तसा."

रंगरावांनी वहाणा काढल्या. तिघांनी भक्तिभावानं हात टेकवले आणि कपाळाला लावले. यजमान म्हणून कोंडाजींनी जरा दाबूनच टेकवला.

"अवं, तुमचं कपाळ निळं झालंया," गोजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"आन तुझं काय पांढरं हाय?"

तेवढ्यात प्रदर्शन मांडणाऱ्या इंदुताई धावत आल्या. "अहो, रंग ओला आहे म्हणून तर पाटी लावली. दिसली नाही?"

"दिसली की," रंगराव म्हणाले. "ह्या पाव्हण्यांनीच वाचून दाखवली."

इंदुताईंनी बोटानं अक्षरं तोडून दाखवली. "हात. लावू. नये."

कोंडाजींना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी हात उपरण्याखाली लपवला, तर उपरणंही निळं झालं. घाटावर तिघांनी वाळूनं कपाळं घासली. तेलाचा रंग तो, आणखीच पसरला.

परतताना वाटेत वाण्याची नवीकोरी पाटी आली, तेव्हा कोंडाजींनी मान फिरवली. नातीचं जमत आलेलं लग्न आपण मोडलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

घराशी आल्यावर रंगराव थांबले.

"पोरगी आमी करतो."

कोंडाजींचे डोळे भरून आले.

"फकस्त लग्नाची तारीख," रंगराव निळं कपाळ चोळत म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडनं वाचून घ्या."