कारभाऱ्यांच्या कन्येचा पाय फुकट न बसविल्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष असे. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध सप्तमी. एके राज्यीं अंताजी त्रिमळ कारभारी होते. ज्या वस्तूस मोल नाहीं तींत कांहींतरी काळेंबेरें आहे, ऐसा त्यांचा पक्का समज. त्यांची कन्या दुर्गा, वय वर्षें नऊ, चिंचेवरून पडली आणि पायाचें हाड मोडलें. मग कारभारीणबाईंनीं वेशीबाहेरचा मायाप्पा धनगर बोलाविला. त्याचे घराण्यांत हाड बसविण्याची विद्या, आणि रीत ऐसी कीं रोग्याचे घरीं पैसा घ्यावयाचा नाहीं, पाणीही प्यावयाचें नाहीं. घेतल्यास हातचा गुण जातो. त्यानें पाय चांचपिला आणि बोलिला, "सरकार, आजच बसवाया पायजे. चार दिस गेलं तर हाड वाकडं धरंल."

कारभारी पुसते जाहले, "घेणार काय?"

"काय न्हाय."

"मग तुला देतो कोण?"

"मला कोण देईल?"

"तेंच विचारतों!"

कारभारीणबाई बोलिल्या, "अहो, पोर विव्हळते आहे. आधीं पाय, मग चौकशी."

"तुम्हांस राजकारण कळत नाहीं," ऐसें बोलून कारभाऱ्यांनीं मायाप्पास देवडीवर बसवून ठेविलें, आणि जासूद रवाना केले, आणि त्यांनीं मायाप्पाचें खोपट धुंडाळिलें, आणि बऱ्या जाहलेल्या साठ असामींच्या साक्षी आणिल्या, परंतु पैसा कोठेंच सांपडेना. मग कारभारी अधिकच घाबरले. इतका स्वच्छ माणूस म्हणजे पाठीशीं मोठाच धनी असणार! मग त्यास मुद्दाम सोडून दिलें आणि मागें दोन जासूद लाविले. ते अद्याप मेंढरांमागून हिंडत आहेत.

यांत सहा दिवस गेले. मग परमुलखींचा हाडवैद्य हजार होनांस ठरवून आणिला. त्यानें निम्मे आगाऊ मागितले, तेव्हां कोठें कारभाऱ्यांस विश्वास वाटला. पाय बसला, तो वाकडाच बसला.

पुढें एके दिवशीं कन्या लंगडत सदरेवर आली आणि पुसती जाहली, "बाबा, ह्या पायास किती पडले?"

कारभारी मोठ्या अभिमानानें बोलिले, "हजार होन!"

"आणि ह्या दुसऱ्यास?"

"त्यास काय पडायचें? तो देवानें दिला तसा आहे."

"मग फुकटचाच सरळ कसा?"

कारभाऱ्यांनीं दोन्ही पायांकडे निरखून पाहिलें, आणि मग माजघराच्या दाराकडे पाहिलें, आणि हा प्रश्न कन्येस कोणी पढविला याची चौकशी लाविली.

एकूण वर्तमान इतकेंच. होन गेले, पाय गेला तो गेलाच. संशय मात्र शाबूत आहे. येथवर लिहून दौत झांकिली.