समग्र नलूताई

नलूताई बाईला नाव विचारत नाहीत, आधी जीभ दाखवायला लावतात. महाडच्या भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. "काढ गो बाहेर. आणखी. लाजतेस काय?" आणि गंमत म्हणजे बायका काढतात! आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, ज्यांची चाहूल लागली की दहावीची पोरं जिन्याखाली लपतात, त्या हातात मेथीची जुडी घेऊन भर रस्त्यात जीभ काढून उभ्या असलेल्या मी स्वतः पाहिल्यात. नलूताईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि निदान सांगितलं, "गर्भाशयात गारठा हाय." बाई निवृत्तीला टेकलेल्या. त्या म्हणाल्या, "अहो, आता तिथे बर्फ पडला तरी मला काय करायचंय?"

नलूताई आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. सगळी नोकरी एसटीच्या चौकशी खिडकीत गेली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, गुडघे बदलतात. या पुण्याला कसल्याशा निवासी शिबिराला गेल्या आणि 'स्त्री-प्रजननाचा समग्र दृष्टिकोन' असं छापलेलं सर्टिफिकेट घेऊन आल्या. लॅमिनेट करून ते त्यांनी दिवंगत यजमानांच्या फोटोशेजारी टांगलं. यजमानांपेक्षा सर्टिफिकेटची चौकट मोठी आहे.

तेव्हापासून 'समग्र' हा शब्द त्यांच्या तोंडात जो बसलाय तो उठायला तयार नाही. चहात आलं घातलं की तो समग्र चहा. बिजागरीला तेल घातलं की दार समग्र. आणि दर शनिवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये, मूल होत नाही म्हणून दारोदार फिरून दमलेल्या सुनांचा समग्र वर्ग.

वर्गाचे नियम ऐका. पौर्णिमेपर्यंत जवस आणि भोपळ्याच्या बिया, अमावस्येपर्यंत तीळ आणि सूर्यफुलाच्या. बाजारातल्या वाण्याला आता पंचांग बघून माल भरावा लागतो. फ्रिजचं पाणी बंद. प्लास्टिकचा डबा बंद. पायात लोकरीचे मोजे, कारण ऊब तळपायातून निसटते. महाडच्या मे महिन्यात, जिथे कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पोट टेकून पडतात, तिथे ह्या बायका लोकरीचे मोजे घालून रिक्षातून उतरायच्या! शिवाय आठवड्यातून एकदा सावित्रीच्या काठी जाऊन नदीला मनातलं बोलून दाखवायचं. गळ टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने कुणाच्या तरी सासूबद्दल इतकं ऐकलं की बिचाऱ्याने जागाच बदलली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या थेरांनी माझं डोकं फिरतं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. डॉक्टरांकडच्या तपासण्या केल्याशिवाय नलूताई कुणाला चिमूटभर जवससुद्धा देत नाहीत. आणि नवऱ्याची तपासणी आधी. "ड्रायव्हर तपासल्याबिगर गाडीला दोष द्यायचा नाय," असं त्या भर वर्गात सासवांच्या तोंडावर सांगतात. एका शनिवारी दोन सासवा चहा न पिता उठून गेल्या.

एकदा मी भांडायलाच गेले. म्हटलं, "नलूताई, बिया खाऊन मूल होत असतं तर पोपटांनी जग भरलं असतं. कशाला आशेला लावता पोरींना?"

त्या शांतपणे मोजे वाळत घालत होत्या. "गाडी रद्द नाय, उशिरा हाय, एवढंच सांगते मी."

"आणि रद्दच असली तर?"

त्यांनी आणखी एका मोज्याला चिमटा लावला. मग म्हणाल्या, "तर दुसरीकडं जायचं गो. फलाटावर कशाला जीव द्यायचा?"

त्या वर्गात सुजाता यायची. आमच्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावरची. नवरा एमआयडीसीत, सासर पोलादपूरकडे कापडे गावात. लग्नाला बरीच वर्षं झालेली, तपासण्या झालेल्या, औषधं चालू. अशात तिच्या धाकट्या जावेला दिवस गेले आणि एका रविवारी डोहाळजेवण ठरलं. सासूचा फोन आला. "ये गो, पण ओटी भरायच्या वेळी तू आतलं बघ. लोकं बोलतात. उद्या पोटातल्याला काय झालं तर तुझ्यावरच यायचं."

आदल्या दिवशी, शनिवारी, सुजाता वर्गात आली ती रडतच. पायात मोजे, हातात जवसाची पुडी. "मूल नाय तर नाय," ती म्हणाली, "पण जाऊ माझी हाय ना? पहिले महिने माझ्याकडं राहिली, तिच्या उलट्या मी काढल्या. मला तिची ओटी भरायची हाय. मी काय चेटकीण हाय काय?"

नलूताईंनी तिला जवळ बसवलं आणि वर्ग तिथेच आवरला. बिया नाहीत, चंद्र नाही, नदी नाही. सगळ्या गेल्यावर त्यांनी माझं दार वाजवलं. "उद्या कापड्याला जायचं."

"आपल्याला बोलावणं कुठे आहे?"

"चौकशीला कोण कधी बोलावतं काय गो?"

गेलो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे टमटम. अंगणात मांडव, फुलांनी मढवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या साडीतली जाऊ. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात, हातात उगाचच एक पळी. सासूने हाक दिली, "लेकुरवाळ्या पुढं या गो!" बायका सरसावल्या.

"थांबा!"

अहो, काय तो आवाज! निघालेली गाडी जागच्या जागी थांबवणारा. सगळा मांडव वळला. नलूताई थेट झोपाळ्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काढ जीभ." फुलांच्या मुकुटाखालून पोरीने मुकाट्याने जीभ काढली. चष्मा वर, चष्मा खाली.

"अगं बाई बाई बाई!"

"काय झालं?" सासू घाबरली.

"समग्र गडबड हाय. बाळाला घरातला एक हात ओळखीचा झालाय. उलट्यांच्या वेळी आईच्या पाठीवरून फिरला तो. पहिली ओटी त्याच हातानं भरायला पायजे. दुसरा लागला तर बाळ आडवं फिरतं."

"असं कुठं असतं?" एक म्हातारी म्हणाली.

"पुण्यात असतं. सर्टिफिकेट हाय माझ्याकडं."

मग कुणीतरी माझ्याकडे वळलं. "मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या ना? खरं काय हो?"

मी दारातल्या सुजाताकडे पाहिलं. "अगदी खरं आहे," मी म्हणाले. "नवीन शोध आहे."

सासूच्या चेहऱ्यावर जुनी भीती आणि नवी भीती अशी जुंपलेली दिसत होती. नवी जिंकली. ती पुण्याची होती आणि लॅमिनेट केलेली होती. सासूबाई स्वतः आत गेल्या आणि सुजाताला दंडाला धरून ओढत बाहेर घेऊन आल्या. "ती पळी टाक गो! चल लवकर, बाळ फिरंल!"

सुजाताने ओटी भरली. घाईत निम्मे तांदूळ झोपाळ्यावर सांडले. जाऊ रडायला लागली, तिच्या गळ्यातच पडली. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

निघताना सुजाता अंगणात धावत आली. हातात नारळ आणि ओंजळभर तांदूळ. "ताई, पदर पुढं करा."

नलूताई चक्क मागे सरल्या. "माझी कशाला गो? मी विधवा बाई. ना पोर ना बाळ."

"करा म्हणते ना!"

सगळ्या बायका बघत होत्या. नलूताईंनी पदर पुढे केला.

पोलादपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. मी म्हटलं, "काय थाप मारलीत हो! शिबिरात शिकवली काय?"

मला वाटलं, हसतील. त्यांनी पदरातल्या तांदळांना घट्ट गाठ मारली.

"माझ्या जावेच्या वेळी मी वाटीत तांदूळ घेऊन उभी होते," त्या म्हणाल्या. "हिरवी साडी नेसून. सासू म्हणाली, नलू, चुलीवरचं करपतंय, बघ जा. मी गेले आत. चुलीवर काय नव्हतंच. विझलेली होती. तिथंच बसले, बाहेरच्या ओट्या संपेस्तोवर."

"आणि मग?"

"मग काय? वाटीतले तांदूळ परत डब्यात ओतले, आणि पंगत वाढायला घेतली."

गाडी आली. मी त्यांना आधी चढवलं, खिडकीशी बसवलं. महाडपर्यंत पदराची गाठ त्यांनी मांडीवर धरली होती आणि वरूनच बोटांनी आतले तांदूळ चाचपत होत्या.